हान्शो लेकीला आणायला गेला

कॅरी, १० सप्टेंबर २०२३

चि. आश्लेषा,

तुला आणि यतीनला आशीर्वाद. परवा फोनवर तू जे बोललीस त्यातलं निम्मं मला कळलंच नाही. कानातलं नवीन यंत्र फोनशी जुळवून घेत नाही, आणि नुसतं 'हो हो' म्हणायचा मला कंटाळा आलाय. म्हणून ठरवलं, आपला हान्शो जे करायचा तेच करावं. कागद घ्यावा आणि लिहावं. तूही मला कागदावरच लिही. ईमेलमध्ये माणूस जेवढ्यास तेवढं बोलतो.

चाळीस वर्षं औषधाच्या कंपनीत गोळी किती वेळात विरघळते एवढंच बघितलं. आता रिटायर झाल्यावर अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका जपानी माणसाच्या, या हान्शोच्या, प्रेमात पडलो. तुझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी हे इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगून माझी चांगली फिरकी घेतली असती. पण कवी, वर चित्रकार, वर साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, शौकीन, आणि स्वभावाने असा की गिऱ्हाइकाशी पटलं नाही तर रंगवलेलं चित्र फाडून टाकायचा. असल्या माणसावर मराठीत एकही पुस्तक नसावं? पुढच्या ऑगस्टमध्ये अधिवेशनात माझं पुस्तक यायलाच हवं. मंडळाने छपाईचं कबूल केलंय.

आता तुझ्यावर सगळी भिस्त. त्याची पत्रं जपानीत आहेत आणि इंग्रजीत जी भाषांतरं आहेत ती म्हणजे मीठ न घातलेली आमटी. चाकणच्या कंपनीत तू जपानी साहेबांची भाषांतरं करायचीस, परीक्षा दिलेली, हे तुझं स्थळ आलं तेव्हाच मी हेरून ठेवलं होतं. गंमत करतोय. रिसेप्शनला माइक हातात घेऊन मी काय म्हणालो होतो ते आठवतं ना? आम्ही सून नाही आणली, मुलगी आणली. तर मुलीकडून काम करून घेणारच.

हान्शो म्हातारपणी लेकीला तिच्या सासरहून, ओसाकाहून, परत घेऊन आला, असा एक ओझरता उल्लेख मला सापडलाय. त्याबद्दलची पत्रं बघ.

तुझा,
बाबा


डब्लिन, २४ सप्टेंबर २०२३

ती. बाबांना नमस्कार,

तुमचं पत्र पोचलं. मी उघडायच्या आधी यतीनने उघडलं होतं. त्याला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही, म्हणून तो फोन धरून ट्रान्सलेट करत बसला होता. तुमच्या अक्षरापुढे ॲपने हात टेकले. त्याला फक्त 'फाडून टाकायचा' एवढंच कळलं आणि मग मला अर्धा तास विचारत होता, कोण काय फाडणार आहे.

म्हणून एक विनंती. यापुढे पत्रं मला लायब्ररीच्या पत्त्यावर पाठवा, 'केअर ऑफ रीमा' असं लिहून. रीमा तिथे काम करते, माझी मैत्रीण. घरून चालत पंधरा-वीस मिनिटं आहे. गाडी एकच आहे आणि ती यतीनची, त्यामुळे मी जाऊ शकते अशी तेवढीच जागा. आमच्या या गावात जपानी लोक भरपूर आहेत, कारखान्यांमुळे, त्यामुळे लायब्ररीत जपानी पुस्तकांची चांगली चार कपाटं आहेत. हान्शोची पत्रं तिथेच मिळाली. अमेरिकेत येऊन मका बघायला मिळेल असं वाटलं होतं, हान्शोचं क्योतो बघायला मिळालं.

लेकीचं नाव किकू. ओसाकाला एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरी दिली होती. हान्शोने शिष्याला लिहिलंय ते असं:

'किकूला घेऊन आलो. होडी संध्याकाळी सुटणार होती, तेवढा धीर नव्हता, म्हणून नदीकाठाने चालतच गेलो. थंडी अशी की काठीला हात चिकटत होता. तिच्या सासऱ्याने मला चहा दिला आणि यंदा सरकी कशी आली ते सांगत बसला. मी चहाला हात लावला नाही. पोरीला म्हटलं, ऊठ. ती उठली. आता इथे आहे, पण जेवताना वाटी हाताने झाकून जेवते. अर्धा रंगवलेला पडदा तसाच पडलाय. गिऱ्हाईक ओरडतंय. ओरडू दे.'

एवढंच आहे. त्याने नवऱ्याबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. मी हे तीनदा वाचलं. वाटीचं वाचून मला पुढे काम करवेना.

तुमची,
आश्लेषा


कॅरी, ८ ऑक्टोबर २०२३

चि. आश्लेषा,

काय मराठी लिहिलंयस तू. 'गिऱ्हाईक ओरडतंय. ओरडू दे.' मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. याला म्हणतात बाप. इभ्रत काय, लोक काय म्हणतील काय, हातातलं काम काय, सगळं बाजूला टाकून निघाला. हे प्रकरण पुस्तकाच्या मध्यावर घालायचं आणि त्याला नाव द्यायचं 'हान्शो लेकीला आणायला गेला'. शनिवारी मंडळाच्या वाचनात मी ते वाचून दाखवलं. देशमुखकाकूंनी रुमाल काढला.

मला त्या सासऱ्याचा मात्र असा संताप आला म्हणून सांगू. पोटचा पोरगा सुनेला छळतोय आणि हा सरकीचं पीक सांगतोय. घरात एवढं घडतंय ते याला दिसत नव्हतं? दिसत होतं, पण बघायचं नव्हतं. मी त्याचं नावसुद्धा पुस्तकात घालणार नाही. असल्या माणसाला नाव कशाला हवं?

यतीन फोन धरून मराठी वाचतो हे ऐकून डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी त्याला रविवारच्या मराठी शाळेत नेताना आमचे काय हाल व्हायचे. तुझ्यामुळे त्याला गोडी लागतेय. तू जरा त्याला शिकव. रागीट आहे, पण मनात काही नसतं त्याच्या. आमच्या घराण्यात सगळ्याच पुरुषांचा आवाज मोठा.

पत्र लायब्ररीत पाठवतोय. काम असं जागेवर बसून करावं हे उत्तम, घरी लक्ष लागत नाही. थँक्सगिव्हिंगला मी येतोच आहे, चार दिवस. तेव्हा पुढची पत्रं घेऊन बसू. पुरणपोळी कर, टर्की नको.

बाबा


कॅरी, २ डिसेंबर २०२३

चि. आश्लेषा,

सुखरूप पोचलो. तुझ्या पुरणपोळ्यांनी वजन वाढलं, डॉक्टर मला रागावणार. तू पाठवलेल्या कडबोळ्यांचा डबा विमानतळावर एकाने उघडायला लावला आणि मग त्यानेही दोन घेतली.

गुरुवारी स्वयंपाकघरात जे थोडं झालं ते मनावर घेऊ नकोस. तो ऑफिसात दमतो, वर त्या दिवशी मॅचमध्ये त्याची टीम हरली. संसारात थोडं इकडंतिकडं होतंच. तू तोंडाला तोंड देऊ नकोस म्हणजे झालं.

तुझी परवाची चिठ्ठी मिळाली, पण अक्षर इतकं का बिघडलं? ओळी नुसत्या खाली घसरत चालल्यात. घाईघाईत लिहितेस. हान्शो म्हणायचा, ब्रश धरण्याआधी श्वास धरावा. तेही तूच मला शोधून दिलंस.

किकूबद्दल आणखी काही सापडलं का? वाचकांना त्याच प्रकरणात रस आहे.

बाबा


डब्लिन, १४ जानेवारी २०२४

बाबा,

अक्षर बिघडलं कारण मी ती चिठ्ठी डाव्या हाताने लिहिली होती. उजव्या मनगटाला प्लास्टर होतं, तुम्ही गेल्यावर घातलेलं. परवा काढलं. डॉक्टरला मी बर्फावरून घसरले असं सांगितलं. यतीन शेजारी उभा होता, दुसरं काय सांगणार. तुम्हालाही तेच सांगायचं ठरवलं होतं. पण तुम्हाला कसं सांगू? तुम्ही तिथेच होतात.

तुम्ही दारात उभे होतात, हातात चहाचा कप घेऊन. त्याने माझा हात ओट्याच्या कडेवर दाबून धरला होता आणि मी त्याला सोड म्हणत होते. मराठीतून, म्हणजे तुम्हाला कळावं. तुम्ही बघितलंत. मग तुम्ही कानातलं यंत्र काढलंत, खिशात ठेवलंत आणि टीव्हीकडे गेलात. मी पाहिलं, बाबा. तुमचा कप नंतर टीव्हीशेजारी भरलेलाच सापडला, म्हणून तर मला आशा वाटतेय. ज्याला काहीच वाटत नाही तो चहा पिऊन टाकतो.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात सुरू झालं. फोन त्याच्या प्लॅनवर आहे, मी कुणाशी किती बोलले ते तो बघतो. पुण्यात आईला सांगितलं तर तिचं बीपी. दादाला सांगितलं तर तो म्हणेल तडक निघून ये, आणि त्याच्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसं आहेत.

मी खूप दिवस विचार केला आणि मग म्हटलं, माझा बाप नाही, पण एकाने चारशे लोकांसमोर माइक घेऊन सांगितलंय की ही आमची मुलगी. मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतेय. मला न्यायला या. तुमच्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत. गाडीने आठ-नऊ तास. यतीन ऑफिसात असताना या, पाहिजे तर तो असताना या. दारात उभं राहा आणि म्हणा, ऊठ. मी उठेन. माझी एकच बॅग आहे.

तुमचा मुलगा आहे तो, मला माहीत आहे. म्हणूनच तुम्ही आलात तर त्याचं काही चालणार नाही. दुसरं कुणी आलं तर तमाशा होईल.

उत्तर रीमाकडेच पाठवा. मी रोज दुपारी तिथे असते.

आश्लेषा


कॅरी, २९ जानेवारी २०२४

चि. आश्लेषा,

तुझं पत्र वाचून मला दोन दिवस झोप नाही. या वयात असं पत्र मला लिहायला नको होतंस.

मी तुला खोटं म्हणत नाही. पण त्या दिवशी मी काय पाहिलं हे मला नीट सांगता येणार नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, माहीतच आहे तुला. तो तुझा हात धरून काहीतरी बोलत होता एवढं दिसलं. नवराबायकोत मध्ये पडू नये म्हणून मी बाजूला झालो. यंत्र मी नेहमीच काढतो, बॅटरी वाचते.

हात झटकून मी मोकळा झालो असं समजू नकोस. मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. रविवारी मी यतीनशी सविस्तर बोललो. तुझं पत्र त्याला वाचता येणार नाही म्हणून मीच इंग्रजीत समजावून सांगितलं, एकेक परिच्छेद. काही लपवून ठेवलं नाही, कारण लपवाछपवीनेच घरं मोडतात. आधी चिडला, पण नंतर शांत झाला. म्हणाला, डॅड, आय विल हँडल इट. मला त्याच्या आवाजात खरा पश्चात्ताप वाटला. तो काउन्सेलरकडे जायलाही तयार आहे.

तुला इथे आणून काय होणार? चार लोक विचारतील, सून एकटी का आली. मंडळात मी काय सांगू? आणि हान्शोचं म्हणशील तर त्याची लेक होती ती, आणि काळ वेगळा होता. गोष्टीतल्या माणसांना वाटेत कुणी अडवत नाही.

थोडा धीर धर. सगळं ठीक होईल. किकूचं प्रकरण जरा बाजूला ठेवू. तू त्याची पावसावरची पत्रं बघ.

बाबा


कॅरी, ३ मार्च २०२४

चि. आश्लेषा,

पाच आठवडे झाले, तुझं पत्र नाही. त्यानंतर लायब्ररीत पाठवलेलं माझं दुसरं पत्र तुझ्या त्या रीमाबाईंनी परत पाठवलं, वर इंग्रजीत एकच ओळ, 'शी डझन्ट कम हिअर एनीमोअर'. यतीनला विचारलं तर म्हणतो, ती मैत्रिणीकडे गेलीय, थोडी स्पेस हवीय तिला. कुठली मैत्रीण, त्यालाही माहीत नाही.

छपाईवाले तगादा लावतायत. शेवटची तीन प्रकरणं तुझ्याशिवाय अडलीयत. घरी परत आलीस की कळव.

बाबा


एडिसन, २१ एप्रिल २०२४

बाबा,

मी एडिसनला आहे. सुवर्णा म्हणून माझी चाकणची मैत्रीण, तिच्या घरी. पत्ता मुद्दाम लिहीत नाही, उत्तर पाकिटावरच्या पोस्टबॉक्सवर पाठवा. तो यतीनला दिलात तरी आता फरक पडत नाही, पण निदान या वेळी देऊ नका.

तुम्ही त्याला एकेक परिच्छेद समजावून सांगितलात, त्या रविवारी काय झालं ते सांगते. तुमचा फोन झाला. मग त्याने मला माझंच पत्र इंग्रजीत म्हणून दाखवलं. चांगलं पाठ झालं होतं. 'माझी एकच बॅग आहे' म्हणाला आणि ती बॅग आणून अंगणातल्या बर्फात उपडी केली. पुढचं लिहीत नाही, मला परत बघायचं नाहीये ते. माझं लायब्ररीत जाणं बंद झालं. सोळा फेब्रुवारीला तो कामाला गेला आणि रीमाने मला तिच्या गाडीतून बसस्टँडवर सोडलं, तुमचं जानेवारीचं पत्रही तिने गाडीतच माझ्या हातात दिलं. भर थंडीत ती बस वाटेत दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा मी घाबरून सीटच्या खाली वाकले. मग माझं मलाच हसू आलं.

आता इथे ओक ट्री रोडवर एका भारतीय दुकानात काउंटरवर आहे. बायका विचारतात, इकडे कशी? मी सांगते, बदली झाली.

मागितलं तर एकच मागते. माझं ग्रीनकार्ड दोन वर्षांचं आहे आणि ते पक्कं करायला नवऱ्याची सही लागते. तो देणार नाही, देतो म्हणाला तरी मला नको. नवरा मारतो या कारणावर मला एकटीने अर्ज करता येतो. पण डॉक्टरच्या कागदावर 'बर्फावरून घसरली' असं आहे, आणि पोलिसांना मी कधी बोलावलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी आहे का? मी म्हटलं, एक आहे.

मला न्यायला येऊ नका. मी आले. फक्त तुम्ही जे पाहिलंत तेवढं लिहून द्या. अर्धं पान. मला चांगलं म्हणू नका, त्याला वाईट म्हणू नका. कुठे उभे होतात, काय दिसलं, एवढंच. ज्या माणसाला तुम्ही कधी पाहिलं नाहीत त्याच्यावर तुम्ही तीनशे पानं लिहिलीत. हे अर्धं पान तर तुमच्या डोळ्यांसमोरचं आहे.

जूनच्या पंधरा तारखेपर्यंत हवंय.

आश्लेषा


कॅरी, ११ जून २०२४

चि. आश्लेषा,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसत होतो आणि उठत होतो. खोटं वाटेल तुला, पण तीनदा कागद घेतला. पहिल्या ओळीत 'माझा मुलगा' असं लिहावं लागतं. त्याच्या पुढे पेन जाईना.

तो माझा एकुलता एक मुलगा आहे. तुझी सासू सुनेत्रा गेली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, मी त्याला एकट्याने वाढवलंय. माझ्या सहीचा कागद सरकारी फायलीत गेला की त्याच्या नोकरीवर येईल, उद्या कुणी शोधलं तर निघेल. म्हातारपणी मला कोण आहे? तू तरुण आहेस, हुशार आहेस, दोन भाषा येतात तुला. तुझं कुठेही चांगलंच होईल. वाईट कोणाचं होणार असेल तर ते त्याचं आणि माझं.

आणि खरं सांगू, मला तो दिवस आता धूसर आठवतो. खोटी साक्ष मी देऊ शकत नाही.

तुला माझा राग येईल. येऊ दे. मुलीने बापावर रागवायचं नाही तर कुणावर. तुझ्याबद्दलचं प्रेम मी माझ्या पद्धतीने दाखवणार आहे, ते तुला ऑगस्टमध्ये कळेल.

बाबा


कॅरी, २६ ऑगस्ट २०२४

चि. आश्लेषा,

सोबत पुस्तक. अधिवेशनात प्रकाशन झालं, सभागृह भरलं होतं. पहिलं पान उघड. 'माझी लेक सौ. आश्लेषा हिला, जिच्या भाषांतराशिवाय हे पुस्तक झालं नसतं.' मी ते माइकवरून वाचून दाखवलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. देशमुखकाकू विचारत होत्या, सून का आली नाही. मी सांगितलं, तिची तब्येत बरी नाही.

मधल्या प्रकरणात थोडा बदल करावा लागला. यतीन आणि तू वेगळे राहता ही कुणकुण लागलीय लोकांना, आणि ते प्रकरण वाचून नाही नाही ते तर्क झाले असते. पुस्तकापेक्षा घरचीच चर्चा जास्त. तू समजून घेशील.

एक प्रत यतीनलाही पाठवली. आपलं आडनाव कव्हरवर बघून खूश झाला.

बाबा


एडिसन, १५ सप्टेंबर २०२४

श्री. देवदत्त सबनीस यांना,

बाबा म्हणायचं आता माझ्याच्याने होत नाही, आणि इथे सगळ्याच वयस्कर माणसांना काका म्हणतात म्हणून तुम्हालाही काका म्हणावं तर तेवढी ओळख आपली राहिली नाही.

आधी माझं सांगते. अर्ज गेला. त्यात रीमाचं पत्र आहे, तिने माझा हात प्लास्टरमध्ये पाहिला एवढंच लिहिलं. सुवर्णाचं आहे, मी तिच्याकडे कशी आले ते तिने लिहिलं. दोघींनीही त्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलेलं नाही, तरी जेवढं ठाऊक होतं तेवढं लिहून सही केली. वकीलबाई म्हणाल्या, पुरावा कमी आहे, बघू. नाही झालं तर मला जावं लागेल. पुण्याच्या तिकिटाची चौकशी करून ठेवलीय.

मी चिडलेय. नीट, स्वच्छ चिडलेय. तुम्ही घाबरलात याचा मला राग नाही. घाबरणं मला चांगलं समजतं, वर्षभर तेच केलं मी. तुम्ही घाबरलात आणि वर मला मुलगी म्हणून टाळ्या घेतल्यात, त्याचा राग आहे. माझी तब्येत उत्तम आहे. सभेत मी नव्हते कारण तुमच्या मुलाने माझा हात मोडला होता आणि तुम्ही त्याचे वडील आहात. हे देशमुखकाकूंना सांगायला एक वाक्य लागलं असतं.

पहिलं पान वाचलं. 'सौ.' बघून हसू आलं. पुढच्या आवृत्तीत माझं नाव काढा, भाषांतर कुणी केलं ते नका लिहू. कारण मधलं प्रकरण मी केलेलं नाही.

ते मी काउंटरवर उभं राहून वाचलं, गिऱ्हाईक थांबलं होतं. प्रकरणाचं नाव तुम्ही बदललंत, 'कन्येचा सहवास'. आणि आत लिहिलंत, 'किकूची प्रकृती मूळचीच नाजूक असल्याने हवापालटासाठी ती काही काळ माहेरी येऊन राहिली. सासरच्या मंडळींचा तिच्यावर अतिशय जीव होता.' नदी काढलीत, थंडी काढलीत, वाटीही काढलीत. सासरा आता चांगला झाला आणि तुम्ही त्याला नावही दिलंत.

तुमचं माझं जे झालं ते झालं. पण त्या हान्शोने तुमचं काय बिघडवलं होतं? अडीचशे वर्षांपूर्वी तो हातातलं काम टाकून, होडीची वाट न बघता, पोरीला आणायला चालत गेला होता. तुम्ही त्याला घरी बसवलंत.

आश्लेषा